वारा समोर व्हता

मी बोलतोय, कृष्णदेव सरदाराचं मनगटी घड्याळ. जवळ या, हवं तर कानाशी धरा, पण माझ्या मागच्या झाकणाला हात लावायचा नाही. एकदा पोर्ट लुईच्या एका कारागिराने ते उघडलं होतं. त्याने आतलं चांगलं चाक काढून दुसरंच बसवलं नाही ना, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

संशय हा माझ्या मालकाचा गुण, आणि तो मला लागला. १९७१ साली त्याने मला विकत घेतलं, तेव्हा दुकानातल्या तीन घड्याळांशी मला ताडून पाहिलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून चर्चची घंटा ऐकायला फुटपाथवर जाऊन उभा राहिला. दुकानदार दारात कपाळाला हात लावून उभा होता.

कृष्णदेव कार्तिए मिलितेरजवळच्या एका कोठीवर सरदार होता. उसाच्या मळ्याला आमच्या या बेटावर कोठी म्हणतात, आणि मजुरांची टोळी ज्याच्या हुकमात तो सरदार. सकाळी मजूर रांगेत उभे राहिले की तो बाही मागे सारून मला पुढे करी. कोणी म्हणे पाय मुरगळला, कोणी म्हणे गाय व्यायली. कृष्णदेव चेहऱ्याकडे बघतच नसे. तो माझ्याकडे बघे, आणि खरं सांगतो, मला त्याचा फार ताठा होता.

त्याची धाकटी बहीण गंगा त्याच टोळीत होती. ती सें पिएरला राही आणि रोज तासभर चालत येई. सरदार बहिणीला सूट देतो असं कोणी म्हणू नये, म्हणून तो तिच्याशी सगळ्यांपेक्षा कडक वागे.

१९७३ सालच्या जुलैतली गोष्ट. त्या सकाळी वारा असा सुटला होता की ऊस आडवे झाले होते. गंगा अर्धा तास उशिरा आली. पदर घामाने भिजलेला, डोळ्यांत धूळ, धाप लागलेली.

"वारा समोर व्हता, दादा," ती म्हणाली.

"रस्ता तेवढाच, पाय तेच, मग लेर ज्यास्त कशी?" कृष्णदेवने मला तिच्या नाकासमोर धरलं. लेर म्हणजे वेळ. क्रिओलमधला हा शब्द आमच्या मराठीत कधीच मिसळून गेलाय. "वाटंत कुणाच्या घरी बसलीस, सांग!"

"कुटं न्हाय बसले. आता परत जाते त बग, अर्ध्या लेरमधी पोचते का न्हाय."

"मांतेर!" तो ओरडला. मांतेर म्हणजे खोटारडी. चाळीस माणसांसमोर सख्ख्या बहिणीला तो खोटारडी म्हणाला आणि तिला घरी पाठवलं.

ती वळली. कोठीवर ती परत आली नाही, आणि त्या वर्षीच्या गणपतीलाही भावाच्या घरी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. गणपतीत दर वर्षी कृष्णदेव तिच्या वाटणीचे मोदक झाकून ठेवी आणि फाटकाकडे बघत बसे. बोलवायला मात्र कधी गेला नाही. आपलं काय चुकलं? घड्याळ बरोबर होतं ना! आणि मी बरोबरच होतो. बरोबर असण्याचा मला पहिल्यांदा वीट आला तो तेव्हा.

अशी दहा वर्षं गेली. १९८४ च्या जानेवारीत त्याची मुलगी विद्यावती त्याला मुंबईला घेऊन निघाली. पणजोबांचा मुलूख एकदा डोळ्यांनी पाहायची त्याची इच्छा होती. विमान उडालं तसा त्याने माझ्यावर डोळा ठेवला. मुंबईला टेकेपर्यंत बरोबर सहा तास लागले. तिथे सगळ्यांनी आपापली घड्याळं दीड तास पुढे केली. कृष्णदेवने माझा काटा हलवू दिला नाही. म्हणाला, "यांच्या मनात काय हाय कोन जाणे." मला ते अगदी पटलं.

तीन आठवड्यांनी परत निघालो. तेच विमान, तीच वाट. सहा तास झाले तरी खाली नुसता समुद्र! कृष्णदेवने मला हलवून पाहिलं, कानाशी धरलं. दहा वर्षांपूर्वी त्याने गंगेकडे पाहिलं होतं तसं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या त्या चाकाला मनातल्या मनात हजार शिव्या दिल्या. मग त्याचा संशय वैमानिकावर गेला.

"ह्यो आमाला फेरा घालून नेतोय," तो विद्यावतीला म्हणाला. "न्हायतर मदी कुटं उतरून आलाय."

"बाबा, सगळे ऐकतायत," ती लाजून म्हणाली.

त्याने हवाई सुंदरीला बोलावलंच. रीता नावाची, आमच्याकडच्या तेर रूज गावची मुलगी होती. त्याने मला तिच्यासमोर धरलं आणि क्रिओलमध्ये विचारलं, की रस्ता तेवढाच, विमान तेच, मग वेळ जास्त कशी?

ती हसली. "दिवां आं फास, तोंतों." वारा समोर आहे, काका.

मग तिने नीट सांगितलं. वर उंचावर वारा नदीसारखा वाहत असतो. जाताना तो पाठीमागून ढकलत होता, आता समोरून रेटतोय. शिवाय वाटेत एक वादळ आहे, त्याला वळसा घातलाय. विमान कुठेही थांबलेलं नाही, पाऊण तास उशीर होईल.

कृष्णदेवने मला बाहीखाली सारलं. "बाबा, बरं वाटत नाही का?" विद्यावतीने विचारलं. त्याने मान हलवली. त्याची नाडी माझ्या पाठीला लागून असे, ती कशी उडत होती ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी बस सोडून तो चालत सें पिएरला निघाला. वारा पाठीशी होता. बहात्तर वर्षांचा म्हातारा पण पाऊल झरझर पडत होतं.

गंगा अंगणात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, पण उठली नाही.

"बसनं आलास?"

"चालत आलो."

"किती लेर लागली?"

मी तयार होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. मला मनगटावरून काढून त्याने तिच्या सुपाशेजारी ठेवलं.

"वारा पाटीमागं व्हता, गंगे," तो म्हणाला आणि रडायला लागला. "तवा तुझ्या समोर व्हता."

तिने बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, "आत ये. च्या ठेवते."

त्या दिवसापासून मी गंगेच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. तिने मला एकदाही किल्ली दिली नाही. सव्वानऊ वाजलेले आहेत आणि वाजलेलेच राहतील. पहिल्यांदा वाटलं, ही म्हातारी सूड घेतेय. अजूनही थोडासा संशय आहे.

पण गेल्या गणपतीचं सांगतो, साल १९८८. हल्ली कृष्णदेव गणपतीला बहिणीकडे येतो. त्या दिवशी त्याचा पत्ता नव्हता. आरतीच्या ताटातला कापूर तसाच, पोरं भुकेली, विद्यावती सारखी फाटकाकडे जाऊन येत होती. कोणीतरी सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"त्याला काय इचारता?" गंगा म्हणाली. "त्याला काय कळतंय? वारा समोर असंल त्येच्या. थांबा."

तुम्हीही कोणाची वाट बघत असाल तर एवढं ऐका, आणि मग मला सुखाने टांगलेलं राहू द्या. सगळे थांबले. शेवटी म्हातारा काठी टेकत, धापा टाकत फाटकात आला आणि काहीतरी सांगायला लागला. गंगेने त्याला बोलूच दिलं नाही. तिने कापूर पेटवला.