हँडलची गाडी, बटणाची गाडी

आमच्या घरी दोन गाड्या. जुनी माझ्या नवऱ्याने भंगारातून उचलून, दोन वर्षं खपून उभी केली. नवी मुलाने गेल्या महिन्यात आणली. जुनीला हँडल मारलं की खोकत का होईना, उठते. नवीला किल्ली घालायला भोकच नाही. साबणाच्या वडीएवढी किल्ली खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं.

नातीला फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची नोकरी लागली. अट एकच, सोमवारी लायसन्स दाखवायचं. गाडीच्या परीक्षेत एकदा ती नापास झालेली, शुक्रवारी शेवटची संधी. तिला शिकवलं मी, जुनीवर. मला अक्षरं जोडून जोडून वाचावी लागतात, पण माझं लायसन्स चाळीस वर्षांचं आहे. मुलगा म्हणाला, ते डबडं बघून साहेब हसतील, नवी न्या.

त्यानेच नवी सुरू करून फाटकाबाहेर काढून दिली आणि हात हलवत उभा राहिला. जरा पुढे गेलो तर गाडी टुंग टुंग करायला लागली. समोर काही अक्षरंही उमटली. नात बावरली. मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ, नव्या वस्तूला कुरकुरायची सवयच असते. परीक्षेच्या मैदानावर ही मोठी रांग, म्हणून गाडी बंदही मीच करायला लावली. झालं. पुन्हा सुरू होईना. एकदा सुरू झाली की किल्लीवाचून धावते म्हणे, पण बंद पडली की किल्ली हवी. आणि किल्ली मुलाच्या खिशात, घरी.

फोन केला. घरी उरलेली गाडी एकच. नातीचा नंबर पुकारला आणि तेवढ्यात मुलगा पोचला. पांढऱ्या शर्टावर काळं तेल, हँडल मारून तोंडाला फेस. त्याने किल्ली पुढे केली. नातीने ती घेतलीच नाही. धडधडत उभ्या असलेल्या जुनीत जाऊन बसली.

"अगं, इंडिकेटर नाही तिला," मुलगा म्हणाला.

"हात आहे ना, बाबा."

साहेब शेजारी बसले. वळण आलं की पोरीचा हात खिडकीबाहेर, अगदी सरळ. मागे घेताना दाखवायला कॅमेरा कुठला? मान पार मागे वळवून दोन खांबांमधून तिने गाडी अशी सरकवली की रंगालाही ओरखडा नाही. साहेब सही करतच उतरले. म्हणाले, हाताने खूण करणारं कुणी किती वर्षांनी पाहिलं.

मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण लेकीच्या शेजारी जाऊन बसला, जुनीतच. नवी घरी आणायची पाळी माझ्यावर आली. मी लांबच्या रस्त्याने आणली. आत थंडगार वारा, गादी अशी की कंबर कुठे आहे तेही कळेना.

घरी मुलाने विचारलं, "कशी वाटली, आई?"

"बरी आहे," मी म्हटलं. "शिकेल हळूहळू."