सगळ्यांसाठी एकच पडदा

मित्रांनो, औषधांच्या या दुकानात शिरलात की उजव्या हाताला, फ्रिजच्या शेजारी एक विटका निळा पडदा दिसेल. तो मी. खालची शिवण एका टोकाला उसवली आहे, वरच्या दोन कड्या निसटल्या आहेत. पडद्याला डोळे-कान नसतात म्हणतात. मला दोन्ही आहेत, आणि माझे कान फार संशयी. त्या संशयानं मला काय शिकवलं ते सांगतो, ऐका.

मला जाड सुती कापडातून एका शिवणवाल्या बाईंनी कापलं. टिपा घालून झाल्यावर उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "याच्यातून सूर्यसुद्धा डोकावणार नाही!" एवढं कौतुक पुढे कधी वाट्याला आलं नाही. काही वर्षं मी एका घराच्या खिडकीवर काढली. मग त्या घरच्या सूनबाईंनी, ज्यांना सगळं गिऱ्हाईक औषधवाल्या ताई म्हणतं, मला उतरवलं आणि इथे आणून टांगलं. माझ्यामागे दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल ठेवलं.

त्यांचे सासरे गल्ल्यावर बसत. ते भडकलेच.

"पडदा कशाला? आपण काय चोरीचा माल विकतो?"

"बाबा, तातडीची गोळी मागायला बायका येतात. चार माणसांदेखत त्यांना काय काय विचारू?"

"विचारायचं कशाला? मागितली की द्यायची, नाहीतर नाही म्हणायचं. उद्या दुकानाचं नाव गेलं म्हणजे?"

मलाही त्यांचंच पटलं. ही कसली गोळी, जिच्यासाठी एवढी कुजबुज? पहिले काही महिने मी ताईंवरच पाळत ठेवून होतो. "कधी झालं? किती तास झाले? शेवटची पाळी कधी आली होती?" असले प्रश्न दबक्या आवाजात चालत. मला वाटे, कट शिजतोय. माझ्या घडीघडीत संशय भरला होता.

हळूहळू उलगडा झाला. कधी निरोध फाटतो, कधी रोजची गोळी राहून जाते. तेव्हा नको असताना दिवस जाऊ नयेत म्हणून ही गोळी. घ्यायची ती तीन दिवसांच्या आत, आणि जेवढी लवकर तेवढी तिची खात्री अधिक. दिवस आधीच गेले असतील तर ती त्याला काही करत नाही, हेही ताई प्रत्येकीला सांगत. कट कसला, तिथे नुसती काळजी होती. मी मनातल्या मनात कान पकडले.

पण बाहेरच्यांचा संशय काही फिटेना. खोकल्याचं औषध बाहेर, मलम बाहेर, रक्तदाब मोजायचा तोही बाहेर. माझ्याआड नेत ते फक्त या एका कामासाठी. आणि समोरच्या बाकावर रोज एक मावशी ठाण मांडून बसत. गोळ्या घेऊन पाच मिनिटांत निघायचं, तर त्या तासभर हलत नसत.

"आज दोघी गेल्या आत," त्या शेजारच्याला सांगत. "एक तर बिनलग्नाची दिसत होती. मला मेलीला कशाला नसत्या चौकशा! सहज दिसलं म्हणून म्हटलं."

म्हणजे बघा, मला टांगलं होतं झाकायला आणि मी झालो होतो पाटी.

एका सकाळी बेकरीत काम करणारी एक बाई आली. कोपराला पीठ लागलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि तिचा चेहरा उतरला. मावशी तिची मावससासू!

"काय गं, तू इकडे कुठे?"

"डोकं दुखतंय मावशी." डोकेदुखीची गोळी घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा मावशी बाकावर. या वेळी तिनं चिकटपट्टी मागितली. पण ती घेताना तिची नजर तिसऱ्यांदा माझ्याकडे वळली होती. ताई थबकल्या. दोन दिवसांत ही दोनदा आली, आणि दोन्ही वेळा जे हवं ते न मागता चालली, हे त्यांनी ओळखलं.

"जरा थांब हं," त्या तिला म्हणाल्या, "पट्टी आतल्या खोक्यातली देते." मग बाकाकडे वळून मोठ्यानं, "मावशी, चला आत, रक्तदाब मोजू."

"आत? बाहेरच मोजतेस ना?"

"आजपासून सगळ्यांना आतच. चार माणसांत बसून मोजला की आकडा चढतो."

मावशी ऐटीत आत आल्या. खुर्चीत टेकल्या, इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आला. "बाहेर काही ऐकू जात नाही ना गं? मग एक विचारू? कुणालाच बोलले नाही आजवर..."

त्या काय बोलल्या ते मी सांगणार नाही. बाहेर आल्या तेव्हा पदरानं डोळे टिपत होत्या.

मग खोकणारे एक गृहस्थ आत आले. त्यांच्यानंतर बेकरीवाली. मावशींनी मान वरही केली नाही.

"माझं नाव लिहून घेणार? घरी फोन करणार?" आत येताच तिनं विचारलं. तिचा ताईंवरही विश्वास नव्हता.

"कुणालाही नाही. किती तास झाले ते सांग."

"परवा रात्री. धाकटं पाच महिन्यांचं आहे ताई. पोट फाडून झालं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत, टाके धड नाहीत. उशीर झाला का हो?"

"अजून वेळ आहे. पण काल यायला हवं होतंस."

"काल आलेच होते."

"चूक माझी," ताई म्हणाल्या. मग पाण्याचा पेला पुढे केला. तिथेच गोळी दिली. "दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत ये. पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घे. आणि नेहमीसाठी काय वापरायचं ते डॉक्टरांना विचार, रोज धावपळ नको."

तीन आठवड्यांनी ती भाजलेल्या बोटाला मलम न्यायला आली. माझ्याआड येऊन म्हणाली, "पाळी आली, ताई. दुसऱ्या कुणाला उपयोग होणार असेल तर माझी गोष्ट सांगा. नाव तेवढं नको." म्हणून ही तुमच्यापर्यंत आली.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. नवा पडदा येईल. त्याला धुवा, उसवला तर वेळेवर शिवा. आणि त्याच्याआड कुणी गेलं, तर चोरून ऐकू नका, देवानं दिलेले कान देवाच्या नावाकडे लावा.

काल एका नव्या गिऱ्हाइकानं बाकावरच्या मावशींना विचारलं, "आत एवढा वेळ काय चाललंय हो?"

मावशी म्हणाल्या, "तुमचा नंबर आला की कळेल. तोवर गप बसा."