न खेळलेल्या गोलकीपरचे तीन गुण

आमच्या सेरो पेलादोत सोमवारी पाव आणि ‘एल सोर्साल’ एकाच दुकानात मिळतात, आणि लोक आधी हात घालतात तो वर्तमानपत्राला. शेवटच्या पानावर हेबर लार्राल्दे रविवारच्या फुटबॉल सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतो आणि शेजारी एका ओळीचा शेरा मारतो. पंचवीस वर्षं देतोय. ज्याला आठ मिळाले त्याची दाढी न्हावी नंबर नसतानाही करतो. ज्याला चार मिळाले त्याच्याकडे मॅटे या कडू चहाचा पेला सगळ्यात शेवटी येतो, तोही गार झालेला.

त्या सोमवारी दार्दो सिल्वेरा शाळेच्या फाटकाशी उभा होता. दार्दो गावात टपाल वाटतो आणि रविवारी उनिओन संघाचा गोलकीपर असतो. माझाच विद्यार्थी. त्याला मी भागाकार शिकवला, तोही दोनदा.

“बाई, हे वाचा.”

मी वाचलं. ‘दार्दो सिल्वेरा : ३. पाय जड, नजर भलतीकडे. पराभवाला हाच जबाबदार.’

“अरे, पण तू काल खेळलासच कुठे?”

“तेच म्हणतोय! सकाळपासून इस्पितळात होतो. चार वाजता मुलगी झाली. माझ्या जागी राखीव गोलकीपर एल्बियो उभा राहिला.”

गंमत वाटावी अशी गोष्ट, पण दार्दो हसत नव्हता. गुरुवारी प्रांताच्या संघाची निवड होती. निवड समिती सामने बघायला येत नाही. हेबरच्या गुणांची सरासरी काढते आणि सहाच्या खाली गेलेल्याला वगळते. दार्दोचे नऊ सामन्यांत पंचावन्न गुण होते, म्हणजे सहाच्या जरासे वर. त्यात हे तीन पडले की तो बाहेर. वय एकतीस. पुढच्या वर्षी कोण विचारतंय?

आम्ही दोघं हेबरला भेटायला गेलो. त्याचं कार्यालय म्हणजे चौकातल्या बारमधलं खिडकीजवळचं टेबल.

“छापलं ते छापलं, बाई,” तो पत्ते पिसत म्हणाला. “आज एकाचं बदललं तर उद्या अकरा जण रांगेत. असं करू, दार्दो, पुढच्या रविवारी तुला नऊ देतो. कसाही खेळ.”

“पुढचा रविवार गुरुवारनंतर येतो, दॉन हेबर.”

“मग माझं चुकलं काय ते तरी सांग. गोलकीपरला मी सातापासून धरतो. गोल चार खाल्ले. सातातून चार गेले, उरले तीन.”

“वजाबाकी बरोबर आहे,” मी म्हटलं, “माणूस चुकलाय.”

“हात्तिच्या! मग तेच तीन एल्बियोच्या नावावर टाकतो. झालं समाधान?”

दार्दोचं काम झालं होतं. तो दारापर्यंत गेलाही. तिथून परत फिरला.

“एल्बियो कसा खेळला, दॉन हेबर?”

“चार गोल खाल्ले.”

“ते कळलं. कसा खेळला?”

हेबरने खिडकीबाहेर पाहिलं. त्या खिडकीतून औषधाचं दुकान दिसतं. मैदान दिसत नाही.

“हेबर,” मी म्हटलं, “उद्या माझ्या वर्गात या. रविवारी पाचवीची मुलं मैदानावर होती. सरासरी शिकवतेय ना. एक मूल, एक खेळाडू. तो जे जे करील त्याची वहीत रेघ.”

बारमधल्या सगळ्यांनी पत्ते खाली ठेवून कान टवकारले होते, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

मंगळवारी हेबर आला, केस चापून बसवून. मायते उभी राहिली. तिच्या वाट्याला गोलकीपर होता.

“गोलवर फटके सतरा. अडवले तेरा. गोल चार, त्यातले दोन आपल्याच माणसाच्या पायाला लागून. एकदा नाकावर बॉल बसला, रक्त आलं, पुसून पुन्हा उभे राहिले.”

“फटका कशाला म्हणायचं हे तुला काय कळतं, बाळा?”

“जिथे शंका होती तिथे मी प्रश्नचिन्ह केलंय. तीन आहेत. ते धरले नाहीत. तुमची वही कुठेय?”

“माझं सगळं डोक्यात असतं.”

“मग तुम्ही कुठे बसला होतात? आम्ही दोन्ही बाजूंना होतो. दिसला नाहीत.”

“बारमध्ये!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. मधेच बोलू नये, असं मी त्याला बजावलं. माहिती चुकीची आहे, असं म्हणाले नाही.

बुधवारच्या अंकात चौकट आली. ‘आमच्या प्रतिनिधीने अत्यंत बारकाईने केलेल्या नोंदींनुसार सिल्वेरा खेळला नव्हता. एल्बियो पिन्तोस : ८. तेरा वेळा संघाला वाचवले.’

“बाई, त्या नोंदी आमच्या आहेत!” वर्ग खवळला. मी त्यांना चौकट कापून वहीत चिकटवायला लावली आणि खाली आपापली सही करायला सांगितली.

गुरुवारी यादी लागली. गोलकीपर : एल्बियो पिन्तोस. सामने एक, सरासरी आठ.

मायते माझ्यावरच चिडली. “एका सामन्याची कसली सरासरी?”

“गणितात चालते.”

“मग हे बरोबर आहे?”

“आकडा बरोबर आहे. समितीने तेवढ्यावरच भागवलं.”

फलकापाशी एल्बियो सुजलं नाक घेऊन ओशाळा उभा होता. “मी नाव काढून घेतो रे, दार्दो. माझा गुडघा धड वाकतसुद्धा नाही.”

“तेरा अडवलेस ना? मग जा मुकाट्याने. आणि प्रांताची लाज राख, म्हाताऱ्या.”

मग दार्दो माझ्याकडे वळला. “बाई, त्या दिवशी दारातूनच गेलो असतो तर आज या यादीत असतो, नाही?”

“हो.”

“चांगला भागाकार शिकवलात!” तो म्हणाला आणि टपालाची पिशवी खांद्याला लावून चालू पडला. नेहमीची शिट्टी काही वाजवत नव्हता.

पुढच्या रविवारी हेबर मैदानावर आला. खुर्ची, छत्री, वही, सगळं नवं. मुलांनी त्याला आपल्या मधोमध बसवलं. मायतेने एक मूल फक्त त्याच्यासाठी नेमलं होतं: तो मैदानाकडे किती वेळा बघतो, त्याची रेघ.

विसाव्या मिनिटाला दार्दोने आडवी झेप घेऊन कोपऱ्यात जाणारा बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. हेबरच्या तोंडात सँडविच होतं.

“काय झालं? कुणी अडवला?” त्याने मायतेच्या वहीत डोकावत विचारलं.

मायतेने वही मिटली.