रुखवतातली कुऱ्हाडवाली

माझ्या लग्नात नवरीपेक्षा जास्त फोटो एका कुऱ्हाडवाल्या मुलीचे निघाले. ती मुलगी वीतभर उंचीची, तारेच्या सांगाड्यावर एम-सील थापून घडवलेली, आणि घडवणारी मी. ती लग्नाच्या हॉलमध्ये कशी आली ते सांगते, पण आधी थोडं मागं जावं लागेल. आता ज्याच्या त्याच्या टी-शर्टवर जपानी चेहरे असतात आणि लोकांना वाटतं, हे कायम असंच होतं.

असं नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा आख्ख्या पडेगावात अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघणारी मी एकटी. केबलवर संध्याकाळी एक मालिका हिंदीतून लागायची. त्यातली मुलगी स्वतःपेक्षा मोठी कुऱ्हाड खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायची. कुणी आडवं आलं तर आधी नीट समजावून सांगायची, आणि नाहीच ऐकलं तर कुऱ्हाड चालवायची. मला तिचा स्वभाव फार पटला. मालिकेचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की लोक भांडायला येतात, की खरी भारी मालिका ती नव्हेच.

एके दिवशी, ऐन लढाईत, चॅनेलनं ती मालिकाच बंद केली. मी दोन वेळा जेवले नाही. आई म्हणाली, "माणसाचं सुतक पाळतात. कार्टूनचं पाळलेलं मी कुठं पाह्यलं नाय."

मग मी छावणीतला इंटरनेट कॅफे गाठला. तिथले भाई माझ्या पडद्यावर डोकावून म्हणायचे, "ये चीनी कार्टूनां कायकू देखते बेटा? अच्छे पिक्चरां देखो ना." चिनी नाही, जपानी, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, पानं मी तिथूनच छापून आणायची. ती उजवीकडून डावीकडं वाचतात, त्यामुळं आईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगी पुस्तकसुद्धा उलटं धरते. वर्गात माझं नाव "कार्टून" पडलं होतं आणि ते दहावीपर्यंत पुरलं.

त्या मालिकांमधल्या लोकांचे छोटे पुतळे जपानात मिळतात, हे मला त्या कॅफेत कळलं. आपल्याकडं ते मिळत नव्हते आणि मिळाले असते तरी परवडले नसते. मग केले. नळ गळतो तिथं लावायचं एम-सील, बांधकामावरची तार, आईच्या ब्लाऊजपिसांच्या चिंध्या, फुटलेल्या बांगड्यांची काच. पहिला पुतळा भोपळ्यासारखा झाला. दहावा बरा झाला. कॉलेज संपेपर्यंत लोखंडी कपाटावर फौज उभी राहिली होती.

मग लॉकडाऊन आला. नेट स्वस्त होतंच. लोक घरात गेले ते साधेसुधे गेले, बाहेर आले ते जपानी होऊन आले. पैठण गेटला हातगाड्यांवर टी-शर्ट टांगले गेले, रिक्षांच्या मागं डोळे वटारलेले योद्धे आले, आमच्या सलूनवाल्यानं काचेवर काट्यासारखे केस उभारलेला पोरगा चिटकवला. एका मुलानं तर बसस्टॉपवर मला विचारलं, "दीदी, अ‍ॅनिमे माहितीये का? बघून बघा, मस्त असतं." मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. उन्हात उभी राहिले मी, आणि सावली पडल्यावर चटई टाकून बसले हे.

बाहेर सगळं बदललं तरी आमचं घर तिथंच होतं. गंगापूरकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलाच्या आईनं कपाटावर नजर टाकली आणि चहा खाली ठेवून विचारलं, "पोरगी अजून बाहुल्या खेळती व्हय?" चार दिवसांनी नकार आला. आईनं त्याच दिवशी सगळी फौज उतरवली, खोक्यात भरली आणि पलंगाखाली सारली. माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून वेरूळच्या इंद्रजीतचं स्थळ आलं आणि त्यांनी मला छंद विचारले, तेव्हा उत्तर आईनंच देऊन टाकलं. "विणकाम करती. भरतकाम करती." मी विणायची सुई आयुष्यात धरली नव्हती. इंद्रजीतचं लेण्यांच्या रस्त्याला छोटं हॉटेल आहे. माणूस कमी बोलतो आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो, एवढ्यावरच मला तो आवडला. साखरपुड्यानंतर आम्ही रोज फोनवर बोलायचो. पण आईनं गळ्याची शपथ घातली होती, की अक्षता पडेस्तोवर त्या पुतळ्यांचा शब्द काढायचा नाही. मी काढला नाही. तोंड शिवून घेतलं, पण खोकं मागं ठेवून जायला मी तयार नव्हते. दुसऱ्याच्या घरात आयुष्य काढायचं, तर निदान मी कोण आहे हे तिथं कपाटावर उभं असावं, एवढीच माझी मागणी होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात सामान उतरवताना खोकं आईच्या हाती लागलं.

"हे कुठं चाललं?"

"माझ्याबरोबर."

"नाय चाललं. लोकं हसतील."

"हसू दे. मला सवय हाय."

"तुला हाय, मला नाय," आई म्हणाली. "एकदा नकार आला तवाच मी मेले होते, मेघा." तिनं खोकं नवरीच्या खोलीतल्या कपाटात कोंबलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्यानंतर मी तिच्याशी बोललेच नाही. हळदीच्या अंगानं चिडू नये म्हणतात. मी मात्र नखशिखांत चिडलेली होते.

आता रुखवत. नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या, नवरदेवाकडच्या बायकांनी त्या बघायच्या, पोरगी किती गुणाची ते ठरवायचं, अशी ती रीत. हल्ली कुणाला वेळ असतो? शहरातून तयार रुखवत भाड्यानं आणतात, फोटो झाले की परत करतात. आईनंही तेच केलं होतं. थर्माकोलचा बंगला, पिस्त्याच्या टरफलांचा मोर, नवरा-नवरी केलेले नारळ, आरशाच्या तळ्यात कापसाची बदकं. टेबल स्टेजच्या अगदी खाली मांडलं होतं. अक्षता पडल्या, आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून फोटोसाठी हसत होतो आणि खाली वेरूळकडच्या बायका रुखवताभोवती जमल्या. त्यांत पुढं होत्या इंद्रजीतच्या आजी, भामाबाई. त्या घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही.

"अय्या, ही बदकं तर माझ्या लग्नातली हायेत," सोनिया म्हणाली. ही इंद्रजीतची चुलत बहीण, नुकतंच लग्न झालेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी ती खूश झाली होती. "ह्या बदकाची चोच बघा. आमच्याकडच्या पोरांनीच मोडली होती. चिटकवलीय वाटतं नंतर."

बायका हसल्या. भामाबाईंनी बदक उचललं, चोच बघितली आणि हळूच विचारलं, "भाड्याचं आणलं व्हय?"

हळूच विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. आई तिथंच उभी होती. गंगापूरचा नकार आला तेव्हाही ती इतकी एवढीशी झाली नव्हती. माझा सकाळपासूनचा राग जागच्या जागी विरला. उठून खाली जावं आणि तिच्यापुढं उभं राहावं असं वाटलं, पण शालू, मुंडावळ्या आणि शेजारचा नवरा यांतून नवरीला पटकन उठता येत नाही.

आईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली.

"भाड्याचंच हाय," ती भामाबाईंना म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पोरीच्या हातचं आत कपाटात हाय. मीच दडवून ठिवलं होतं. थांबा जरा."

ती आणि माझी मामेबहीण मोनिका खोकं घेऊन आल्या. आईनं बंगला उचलून टेबलाखाली ठेवला, बदकांचं तळं सरकवलं आणि एकेक पुतळा पदराच्या टोकानं पुसून मांडायला लागली. कंदीलवाला एकशिंगी राक्षस. छत्री घेऊन लढणारी म्हातारी. मधोमध कुऱ्हाडवाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बाहुल्या?" तोच प्रश्न, तोच सूर. आता वेरूळहून परत पाठवतील की काय, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात सोनियाचा भाऊ अभय, इंजिनिअरिंगला असलेला, हातात जिलबीची ताटली घेऊन शेजारून चालला होता. तो चार पावलं पुढं गेला आणि मागं आला. त्यानं कुऱ्हाडवालीचं नाव घेतलं. तिचं खरं नाव, जपानी, आडनावासकट. वीस वर्षांत पडेगाव-वेरूळ रस्त्यावर ते नाव माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ही कुठून आणली?" त्यानं आईला विचारलं.

"आणली नाय. माझ्या पोरीनं केली."

अभयनं ताटली तिथंच बदकांच्या तळ्यात ठेवली आणि मित्रांना हाका मारल्या. मग जे झालं ते मी वरून बघितलं. वरातीत नाचून घामेजलेली पोरं आली, करवल्या आल्या, हातात पाण्याचे जग घेऊन वाढपी आले. छत्रीवाल्या म्हातारीला एका करवलीनं हात जोडले. आमचा फोटोग्राफर "सर, मॅडमकडं बघा" म्हणता म्हणता थांबला, आणि आम्हाला तसंच हसत ठेवून कॅमेरा घेऊन खाली उतरला.

"हे तू केलंस?" इंद्रजीतनं विचारलं.

"हो."

"मला विणकाम सांगितलं होतं."

"ते आईनं सांगितलं होतं. मला विणता येत नाही."

त्यानं वाकून खाली कुऱ्हाडवालीकडं पाहिलं. "बरं झालं," तो म्हणाला. "मी स्वेटर घालतच नाय. हॉटेलात गल्ल्यामागं एक काचेचं कपाट रिकामं हाय. तिथं चालतील का ही मंडळी?" तेव्हाच मला कळलं की मी चांगल्या माणसाशी लग्न केलंय. अक्षता पडल्यानंतर कळलं, पण कळलं.

खाली भामाबाईंनी पोरांना काठीनं बाजूला केलं. कुऱ्हाडवालीला उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, कमरेचा पट्टा बोटानं चाचपला. "बांगडीची काच हाय," त्या म्हणाल्या. "आन् आतून?"

"तार," आई म्हणाली.

"हां. तरीच उभी ऱ्हाती." त्यांनी पुतळी अलगद खाली ठेवली. "विहीणबाई, आमच्यात रुखवतावर नाव घेतल्याबिगर सोडत नायत. घ्या हिच्यावर."

मी डोळे मिटले. उखाणे आईला पाठ होते, पण ते करंजीवरचे, तांब्यावरचे, तुळशीवरचे. जपानी कुऱ्हाडवालीवरचा उखाणा कुठून आणणार? बायका वाट बघत होत्या. आईनं पदर खांद्यावरून नीट घेतला.

"भाड्याची बदकं गेली, आली कुऱ्हाडवाली पोर,
राजेंद्ररावांच्या लेकीच्या हातात लई जोर."

हॉल दणाणला. बाबा पंगतीत वाढत होते, ते वरणाची बादली घेऊन तसेच उभे राहिले. सगळ्यांत मोठ्यानं सोनिया हसली आणि तिनंच आईला मिठी मारली. भामाबाईंनी हात वर करून गलका थांबवला. "ह्यातलं एकबी माघारी ठिवायचं नाय," त्यांनी हुकूम सोडला. "आन् गाडीत म्होरं ठिवा. मागं आदळंल." मोनिकानं वर माझ्याकडं बघून दोन्ही हात उंचावले.

बायका जेवायला पांगल्या, पोरं मात्र हलेनात. आई रुखवताशी उभी राहून त्यांना एकेकाची ओळख करून देत होती. मी कान दिला आणि थक्क झाले. तिला सगळं माहीत होतं. फोन टीव्हीला जोडून ती मालिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा बघितली, तेव्हा आई शेजारी मेथी निवडत बसायची आणि "बंद कर ते" म्हणायची. ती मेथी संपता संपत नसे, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"ही कुऱ्हाड तिच्या बापाची," आई सांगत होती. "हिला वाटतं बाप मेला. पण तो कंदीलवाला हाय ना, तोच..."

"काकू, नका सांगू," अभय कळवळून म्हणाला. "आम्ही अजून तिथवर आलो नाय."

"मग या की लवकर," आई म्हणाली. "आत्ता बघायला लागले व्हय तुम्ही? माझी मेघा हे बघत होती तवा तुमच्यातल्या एकालाबी ठाऊक नव्हतं."

मला रडू फुटलं. जवळच्या बायकांनी पाठीवरून हात फिरवला, मुलीच्या जातीला हे चुकत नाही म्हणाल्या. पाठवणीला अजून पुष्कळ वेळ होता.