अडतीस सेकंदांचे त्रिकालज्ञ

भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांवर ज्याची सत्ता चालते असा पुरुष शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो. वसाहतीच्या सभागृहात तो दर मॅचला अर्धा तास आधी येत असे, कारण उशीर झाला तर पंख्याखालची खुर्ची मिळत नसे.

खंडभरातल्या देशांच्या क्रीडास्पर्धा चालू होत्या. पोहणं, धावणं, भालाफेक, नेमबाजी, असे चाळीसेक खेळ एकाच वेळी. वसाहतीला मात्र एकच दिसत होता, पुरुषांचा फुटबॉल. या स्पर्धांत फुटबॉलला तेविशीच्या आतली पोरं खेळतात आणि प्रत्येक संघात तीनच थोराड गडी चालतात. आपला गोलकीपर त्या तिघांतला, पस्तिशीचा. त्यामुळे वसाहतीतल्या सगळ्या सुटलेल्या पोटांना तो घरचाच वाटे.

सभागृहात तीनशे माणसं दाटीवाटीनं बसलेली. खिडक्या बंद, मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत. दोन्ही गोष्टी या त्रिकालज्ञ बाबांच्या आज्ञेनं, कारण वाऱ्यानं आणि लहरींनी ध्यान भंगतं. बाबांची दाढी पांढरी, झगा पायघोळ आणि त्या उकाड्यातही लोकरीची टोपी कानाखाली ओढलेली. डोळे मिटलेले. पडद्याकडे ते बघतच नसत. बघायची गरज बाकीच्यांना.

"येतंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी तर्जनी वर केली.

सभागृह गप्प झालं. पडद्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर उगाच इकडून तिकडे चालला होता.

"डावीकडून येतंय. उंचावरून. डोकं लागेल. आपलंच."

पडद्यावर अजून काही नाही. मग कुणीतरी चेंडू डावीकडे ढकलला, कॉर्नर मिळाला, चेंडू उंच आला, आपल्या एका पोरानं डोकं लावलं आणि गोल झाला. तीनशे माणसं उठून उभी राहिली. निम्मी पडद्याकडे हात जोडत होती, निम्मी बाबांकडे.

"शंभर वर्षांपुढचं कुणीही सांगतो," बाबांचा शिष्य गर्दीला समजावत होता. "पडताळायला कोण उरतंय? जवळचं सांगणं कठीण. सुईत दोरा ओवण्यासारखं. बाबांची दृष्टी अगदी बारीक आहे."

"मग सुवर्णपदक कुणाला, तेही सांगा," मागून कुणीतरी विचारलं.

"काळाच्या पोटात फार खोल हात घालू नये," शिष्य म्हणाला. लोकांना तेही पटलं.

वायरमन मागे फ्यूजच्या खोक्यापाशी उभा होता. वसाहतीचे पंखे, दिवे, प्रोजेक्टर सगळं त्याच्याच हातचं. तो बसत नव्हता. एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होता, नखं खात होता, पण गोलसाठी नाही. बाबांच्या शेजारच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण बसली होती. तिला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता, आणि चार दिवसांपूर्वी तिनं डोळ्यांत थेंब घालणं बंद केलं होतं.

त्याला ते कळलं तेही योगायोगानं. तिच्या स्वयंपाकघरातली ट्यूब बदलताना त्याला फळीवर बाटली दिसली नाही.

"ताई, थेंबांची बाटली कुठाय?"

"फेकली."

"कधी?"

"बेटवाल्यांशी मॅच झाली त्या दिवशी." वसाहतीत तारखा आता अशाच चालत होत्या. "बाबा म्हणाले, थेंबांनी आतल्या डोळ्यावर पडदा येतो. सगळ्या मॅचेस संपल्या की ते फुंकर घालणार आहेत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत श्रद्धा," दाजी वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"दाजी, काचबिंदू दुखत नाही म्हणून भोळा वाटतो. आत दाब वाढतो आणि कडेकडेनं नजर खाल्ली जाते. डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर सांगितलंय, गेलेली परत येत नाही."

"डॉक्टरीणबाई आठ वर्षं थेंबच देतायत. बरं केलंय का? नाही. बाबांनी एक तरी गोल चुकवलाय का? नाही. आता तूच सांग."

"अहो, गोलचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

ताईनं बटाटा सोलता सोलता मान वर केली. त्याच्याकडे नीट बघायला तिला आता पूर्ण मान वळवावी लागत होती. "ज्याला पुढचं दिसतं त्याला माझ्या डोळ्यातलं दिसत नसेल का रे? तू दाखव ना बाबांचा एक गोल चुकलेला. त्याच दिवशी थेंब घालते. शब्द आहे माझा."

ट्यूब लागली. वायरमनला मात्र काही दिसेना. बाबा लबाड आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं, पण लबाडी कुठून शिरते ते सापडत नव्हतं. त्यानं बाबांच्या खुर्चीखाली बघितलं, पंखा उघडून बघितला, शिष्याच्या मागे दोन गल्ल्या फिरला. शिष्य दाढी करून घरी गेला. रोज सकाळी वायरमन बोटं मोजायचा. पाच दिवस, सहा दिवस, सात.

आठव्या दिवशी लाल शर्टवाल्यांशी उपांत्य सामना होता. विसाव्या मिनिटाला बाबांची तर्जनी वर गेली.

"चौथी लेन," बाबा म्हणाले.

सभागृहानं श्वास रोखला. पडद्यावर आपला गोलकीपर मोजा वर ओढत होता.

"चौथी लेन पुढे. शेवटचे पंधरा मीटर. हात लागला..." इथे बाबांचा एक डोळा उघडला, पडद्यावर गेला, तिथलं गवत बघून झटकन मिटला. पुढची अकरा मिनिटं बाबा समाधीत होते. त्या अकरा मिनिटांत लाल शर्टवाल्यांनी काहीही पूर्वसूचना न देता एक गोल केला.

"चौथी लेन म्हणजे चौथा मार्ग," शिष्यानं खुलासा केला. "धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. बाबा मोक्षाला जाऊन आले."

"गोल चुकला की," वायरमन ताईच्या कानाशी वाकून म्हणाला.

"चुकला नाही. बोलले नाहीत ते. बोललेलं चुकलं तर सांग."

तो बाहेर आला. आत हवा नव्हती आणि त्याला हातपाय हलवायचे होते. समोर रस्त्यापलीकडे इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान. मावशी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत रेडिओवर डाफरत होत्या.

"ऐन रंगात आली की पोहायला जातात मेले."

"कोण, मावशी?"

"रेडिओवाले. मॅच सोडून दहा मिनिटं तलावावर. चौथ्या लेनवाल्या पोराला सोनं मिळालं म्हणे. मिळू दे बापडं, पण इकडे एक गोल खाल्ला तो मला ऐकायलाच नाही मिळाला."

वायरमन रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून सायकलवाल्यानं दोनदा घंटी वाजवली, तरी हलला नाही.

तेवढ्यात रेडिओवरचा माणूस किंचाळला. आपला गोल. मावशींनी इस्त्री उभी केली आणि टाळी वाजवली. वायरमननं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. सभागृह शांत. दहा सेकंद. वीस. मावशींनी कॉलर उलटली. तीस. अडतिसाव्या सेकंदाला बंद खिडक्यांच्या आत तीनशे माणसं ओरडली.

"तुमची माणसं जरा मंद आहेत का रे?" मावशींनी विचारलं. "रोज आमचं ओरडून, पाणी पिऊन झालं की ती ओरडतात."

वायरमनला हसू आलं नाही. लाज वाटली. सभागृहात पूर्वी छतावरच्या अँटेनावरून थेट चित्र येत असे. स्पर्धांच्या आधी वसाहतीच्या सेक्रेटरींना आणखी स्वच्छ चित्र हवं होतं, म्हणून अँटेनाची वायर काढून त्यानंच इंटरनेटची डबी बसवली होती. डबीतून येणारं चित्र आधी कुठेकुठे थांबून, साठून, मग आपल्यापर्यंत पोचतं, हे त्याला शिकवलेलं होतं. बाबांच्या टोपीत रेडिओ होता, एवढंच बाबांचं. भविष्यकाळ वायरमननं स्वतःच्या हातानं जोडून दिला होता.

त्यानं त्या संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र मागे असेल तुझं. बाबा पुढे आहेत ते खरंच ना?"  दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

उपांत्य सामना आपण हरलो. पण या स्पर्धांत तिसऱ्या जागेलाही पदक असतं, म्हणून तीन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्याला सभागृह पुन्हा फुलून गेलं. पहिल्या अर्ध्यात गोल नाही. बाबांनी एक पिवळं कार्ड आणि दोन फ्री किक अचूक सांगितल्या. हाफटाइमला वायरमन सेक्रेटरींना म्हणाला, "चित्र अडखळतंय जरा, बघतो." टेबलावर चढून त्यानं डबीची वायर काढली आणि जुन्या अँटेनाची लावली. चित्र किंचित मळकट झालं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. सभागृह कण्हलं. लोकांनी डोक्याला हात लावले. कुणी चपला शोधू लागलं.

आणि बाबांची तर्जनी वर गेली.

"सावधान," बाबा म्हणाले. "संकट येतंय. उजवीकडून."

 मग तिसऱ्या रांगेतून एक आजोबा अगदी नम्रपणे म्हणाले, "बाबा, येऊन गेलं."

"हे दुसरं," शिष्य म्हणाला.

लोकांनी दुसऱ्या संकटाची बरीच वाट बघितली. त्याऐवजी सत्तराव्या मिनिटाला आपला गोल झाला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, दाजी खुर्चीवर चढले, आणि ते खाली उतरत असताना बाबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "शुभवार्ता येते आहे. धीर धरा."

मागे कुणीतरी खुसकन हसलं. मग कुणीतरी जोरात. अडचण साधी होती. रेडिओवाल्याला श्वास घ्यायला एक सेकंद, बाबांना हात वर करायला दोन. अँटेना तेवढाही वेळ देत नव्हता.

ताई उठली. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना हात लावत मागे आली.

"काय केलंस तू?"

"चित्र वेळेवर आणलं."

"सगळ्यांना सांग. मला एकटीला नको सांगूस, मला कळत नाही."

वायरमनला भाषण येत नव्हतं. तो रस्ता ओलांडून मावशींचा रेडिओ घेऊन आला, मागोमाग रेडिओ सांभाळायला मावशीही आल्या. त्यानं रेडिओ टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि पडद्याला पुन्हा डबी जोडली.

"आता सगळ्यांनी बाबा व्हा," तो म्हणाला.

एकोणनव्वदावं मिनिट रेडिओवर आलं. समोरच्यांचा लांबून फटका, आपल्या पस्तिशीच्या गड्याच्या बोटांना लागून चेंडू आत. दोन एक. रेडिओवाल्याचा आवाज बसला होता. आणि पडद्यावर तोच गोलकीपर अजून चेंडू हातात घेऊन निवांत उभा होता. पोरांना पुढे जा म्हणून खुणावत होता. त्यानं चेंडू लाथेनं पुढे उडवला. सभागृहात कुणी हललं नाही. तीनशे माणसांना पुढचं दिसत होतं आणि त्या बिचाऱ्याला काही सांगता येत नव्हतं.

"सावधान," बाबा सवयीनं म्हणाले.

"माहीत आहे," तीनशे माणसं म्हणाली.

पडद्यावर फटका बसला. ताई तोवर बाबांच्या खुर्चीपाशी पोचली होती. तिनं बाबांची टोपी दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातला देव उचलावा तशी उचलली. कानातलं बटण, बारीक वायर आणि काडेपेटीएवढा रेडिओ बाबांच्या खांद्यावर लोंबू लागला. त्यातूनही दोन एकच चाललं होतं.

"हे श्रवणयंत्र आहे," शिष्य म्हणाला आणि दाराकडे सरकला. बाबा त्याच्या आधी दाराबाहेर होते. पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी खरोखर पुढे होते.

दाजी वायरमनपाशी आले. "पण इतके दिवस खरंच निघत होतं रे," ते म्हणाले.

"निघणारच. होऊन गेलेलं सांगत होते. दाजी, एखाद्याला आपल्याआधी काही कळलं तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, कुठून कळलं? सांगता आलं तर ती विद्या. लपवावं लागलं तर लबाडी. आणि मॅचचं खरं निघालं म्हणून डोळ्याचं खरं होत नाही. मी वायरी बरोबर जोडतो, म्हणून तुम्ही मला तुमची दाढ काढू द्याल का?"

दाजींनी गालाला हात लावला.

तेवढ्यात सेक्रेटरी पुढे झाले. त्यांचा चेहरा संतापानं लाल झाला होता. वायरमनला वाटलं, आता बाबांची तक्रार कुठे करायची ते विचारतील.

"म्हणजे तू आम्हाला सगळ्या स्पर्धा शिळ्या दाखवल्यास?" सेक्रेटरी म्हणाले. सभागृहात संमतीची कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर वायरमनच्या हलगर्जीपणाची चौकशी करण्यासाठी तीन जणांची समिती लागली. बाबांबद्दल फलकावर काही नव्हतं.

त्याच दिवशी वायरमन ताईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, नजरेच्या कडा तपासल्या, जुना कागद नव्याशेजारी ठेवला आणि दोन्ही ताडून बघितले.

"किती दिवस बंद होते थेंब?"

"बारा," वायरमन म्हणाला.

"घालायला लागलात तर आहे ते टिकेल," त्या ताईला म्हणाल्या. "रोज. सकाळी आणि रात्री. कंटाळा आला तरी, कुणी काही सांगितलं तरी."

"आणि गेलेलं?" ताईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर डाव्या डोळ्याची नाकाकडची बाजू पेन्सिलीनं काळी केली. ती गेली होती. मग त्यांनी थेंब लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.