रविवारी काम न करणारी ठमी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझा रंग उडाला आहे आणि मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. तरी स्वतःला जुनी म्हणवून घेताना मला कमीपणा वाटत नाही. मी कामही पुष्कळ केलं आणि मौजही पुष्कळ केली. दोन्ही वाट्याला येणाऱ्या गाड्या थोड्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने माझी दारं बसवली, दुसऱ्याने चाकं. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, नाव काढ!" ते मी कधी विसरले नाही.

मला चष्म्यांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी घेतलं. त्यांची बायको शिवणकाम करायची. दोघांना एक मुलगी. मी बुटकी आणि गोल, म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव ठमी ठेवलं. शाळेच्या गणवेशांचं निळं कापड उरलं होतं, त्याचे अभ्रे शिवून त्यांनी माझ्या सीटना घातले. त्यातला एक टाका अजून उसवलेला नाही.

आठवडाभर मला मालक चालवायचे. दुकान, काचांची खोकी, शाळा, दवाखाना. गिअर असा टाकायचे, जणू कुलूप तोडत आहेत. पण रविवार बाईंचा. त्या दिवशी स्टिअरिंग बाईंच्या हातात असायचं आणि मालक शेजारी बसून त्यांना संत्र्याच्या फोडी भरवायचे. बाईंच्या हातात माझा आवाजसुद्धा बदलायचा.

रविवारचे नियम दोन. ठमीला काम सांगायचं नाही. आणि चौक आला की कुठे वळायचं, ते मागे बसलेल्या मुलीने सांगायचं.

एकदा शेजारीण म्हणाली, "निघालाच आहात तर येताना साबण आणाल का?"

"मी नंतर चालत जाऊन आणीन हो वहिनी," बाई म्हणाल्या. "आज ठमी सुट्टीवर आहे."

"गाडीला मेली कसली सुट्टी! पेट्रोल जाळायची हौस, दुसरं काय!"

"हौसच आहे. चढा मागे."

वहिनी नाक मुरडत चढल्या. परतताना मात्र खिडकी सोडायला तयार नव्हत्या.

मुलगी सांगेल तिकडे आम्ही जायचो. कधी तळ्याकाठी, कधी वीटभट्टीपर्यंत. एकदा तर फिरून फिरून आमच्याच दुकानासमोर पोहोचलो. "घ्या! रविवारीसुद्धा दुकानच!" मालक म्हणाले. "थांबतंय कोण?" असं म्हणून बाईंनी मला अशी पळवली की दुकान मागे पडलेलं दिसलंसुद्धा नाही. त्या वेळी रस्त्यावर माझ्याइतकी ताठ गाडी दुसरी नसेल.

पुढे गर्दी वाढली. लोक बसने जाऊ लागले, फोनवरून गाडी बोलावू लागले. त्यात वाईट काही नव्हतं. रोज धूर सोडत गर्दीत उभं राहण्यात मला कसलं भूषण? तरुण मुलं गाडी शिकेनाशी झाली. आमची मुलगीही शिकली नाही. पण रविवार होता. तेवढ्यावर माझा तोरा टिकून होता.

मग बाई आजारी पडल्या आणि एका हिवाळ्यात गेल्या.

त्यानंतर मालक मला रोज पुसायचे. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून इंजिन चालू करायचे. पण बाहेर काढायचे नाहीत. नुसते येऊन बसायचे, तेही शेजारच्या सीटवर. खिशात संत्रं असायचं. ते सोलायचे नाहीत. रिकाम्या घरात कुठे बघावं हे माणसाला कळत नाही. मोटारीत निदान समोर बघत बसता येतं.

हे पाहून मुलीला काळजी वाटायची. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, हिच्याबरोबर तुम्हीही इथेच बसून राहता. आता हौसेने गाडी कोण चालवतं? देऊन टाकू या."

मालक "बरं" म्हणाले. मुलीला सुट्टी रविवारचीच, म्हणून तिने भंगारवाल्याला रविवारी सकाळी येतो असं कळवलं.

निघताना मुलगी शेजारी बसली आणि मालकांनी गिअर टाकला. कडाड!

"आईने ऐकलं असतं तर?" मुलगी हसली.

"खाली उतरवलं असतं मला."

मोठ्या चौकात मालकांनी मला थांबवलं. "बोल, कुठे वळू?"

"बाबा, भंगारवाला उजवीकडे आहे."

"तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे गं. पण चौकात तू सांगायचं असतं. आणि आज वार कोणता?"

रविवार! मित्रांनो, भंगारात जाणं हेसुद्धा कामच की.

मागून बसने हॉर्न दिला. "ओ काका, झोपलात काय?" ड्रायव्हर ओरडला.

मुलीने खिडकीतून डोकं काढलं. "थांबा हो जरा, विचार चाललाय!" मग तिने निळ्या अभ्र्यावरून हात फिरवला आणि लहानपणी सांगायची तसंच मोठ्याने सांगितलं, "डावीकडे!"

मालकांनी मला डावीकडे वळवलं. मुलीने त्यांच्या खिशातलं संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.

तळ्याजवळ फोन वाजला. भंगारवाला विचारत होता, किती वाट पाहायची?

"आज नाही जमणार," मुलगी म्हणाली. "ती सुट्टीवर आहे."

"कोण?"

"ठमी!"

आता मुलगी दर रविवारी गाडी शिकते. तीही कुलूप तोडते, बापाच्या वर! मी सोसते. माझ्यावर शिकणारी ती पहिली, आणि तिला तयार करायचा मान माझा आहे.

मित्रांनो, कामाला बसने जा, सायकलने जा, चालत जा. मी रुसणार नाही. पण एखाद्या वस्तूवर घरातल्या सगळ्यांचा जीव असेल, तर एक दिवस तिला काम सांगू नका. तिला पुसा, तेलपाणी बघा, हवा भरा आणि मग उगीचच बाहेर काढा. आणि चौक आला की मागे बसलेल्या लहानग्याला विचारायला विसरू नका, "बोल, कुठे वळू?"