प्लूव्हेलेनची मुकी बार्बा

मी एक जुनी घंटा आहे. माझे नाव बार्बा. घंटेला नाव कशाला, असे तुम्हाला वाटेल, मित्रांनो. पण फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर, आमच्या प्लूव्हेलेन गावात, घंटेचा बाप्तिस्मा होतो. तिला नाव मिळते आणि धर्माचे आईबापही मिळतात. आज मी घंटावाल्या गुल्वेनच्या गोठ्यात पेंढ्याशेजारी पडून आहे. माझ्या पोटात लोळा, म्हणजे आपटून आवाज काढणारी लोखंडी जीभ, नाही. तो कसा गेला, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म चर्चच्या अंगणातल्या खड्ड्यात झाला. फिरते ओतारी आले, त्यांनी भट्टी पेटवली आणि घराघरांतून फुटकी भांडी जमा झाली. गावातली कातेल तेव्हा नवी नवरी होती. तिने सासूचे लाडके तांब्याचे पातेले गुपचूप भट्टीत टाकले. सासू वर्षभर तिच्याशी बोलली नाही. कातेल म्हणायची, "एका पातेल्यात दोन कामं झाली!"

बाप्तिस्म्याच्या दिवशी मला झालरीचे झबले घातले. पाद्रीबुवांनी मीठ घातलेल्या पाण्याने मला आतून-बाहेरून धुतले. ते मीठ आमच्याच खाडीच्या मिठागरातले होते. कातेलने माझ्या अंगावर हात ठेवून सर्वांसमोर सांगितले, "मी हिची धर्ममाता. हिच्या बऱ्यावाइटाला मी जबाबदार." धर्मपिता झाले गावचे जमीनदार. पुढे ते दूर राजाच्या दरबारी गेले. तिथे राजा झोपायला जाताना मेणबत्ती धरण्याचा मान त्यांना मिळाला म्हणे. तो मान इतका मोठा होता की ते गावाकडे परत फिरकलेच नाहीत.

मी जन्माला वाजले, मरणाला वाजले. वीज कडाडली की ढग पांगावेत म्हणून वाजले. पण माझे सर्वांत आवडते काम वेगळे होते. रविवारी प्रार्थना संपली की मी गावकीची बैठक बोलावत असे. अंगणातल्या जुन्या झाडाखाली लोक जमत आणि कोणी किती कर द्यायचा, कोणत्या हुकमाला हरकत घ्यायची, ते ठरवत. भांडणेही खूप होत. पण नियम पक्का होता. माझा आवाज झाल्याशिवाय भरलेली बैठक ही बैठकच नव्हे आणि तिच्या ठरावाला कोणी विचारत नसे. खरे सांगते, मला याचा फार गर्व होता.

मग काळ फिरला. आधीचे राजे कर घेण्यापूर्वी निदान विचारल्यासारखे करत. या नव्या राजाला विचारणे ठाऊकच नव्हते. त्याला राज्यात एकच आवाज हवा होता, तो म्हणजे स्वतःचा. तंबाखूवर कर आला, जेवणाच्या कथिली थाळ्यांवर कर आला. आणि एके दिवशी बातमी आली की आता मिठावरही येणार. खाडीच्या वाटेने कर वसूल करणाऱ्यांच्या गाड्या दिसू लागल्या, सोबत हत्यारबंद स्वार होते.

गुल्वेन आमचा घंटावाला. तो पळत आला आणि त्याने माझा दोर धरला. त्या दिवशी मी धोक्याची वाजले. आसपासच्या गावांतून माणसे दाताळी आणि कोयते घेऊन धावली. गाड्या आल्या वाटेने परत फिरल्या. जाता जाता कोणीतरी गाडीवरची राजाची तसबीर ओढून खाडीत फेकली. कातेलने माझ्या कमानीला पिवळ्या फुलांची माळ बांधली. "खाल्ल्या मिठाला जागलीस गं पोरी," ती म्हणाली. ते कौतुक माझ्या आयुष्यातले शेवटचे ठरले.

सुगी संपताच शिपाई आले. ते घराघरांत घुसले, आमच्याच चुलीपाशी बसले आणि आमच्याच साठवणीचे पीठ संपवू लागले. शेजारच्या गावांत रस्त्याकडेच्या ओक वृक्षांना माणसे लटकत होती. मी उंचावर होते. मला ती दिसत होती.

शिपायांचा अधिकारी ब्रोसार हा सभ्य बोलणारा, हातमोजे न काढणारा माणूस होता. त्याने फर्मान सुनावले, "घंटा कोणी वाजवली त्याचं नाव उद्या दुपारपर्यंत सांगा. नाहीतर दर आळीतून एक माणूस फासावर जाईल."

कोणी वाजवली हे शेंबड्या पोरालाही माहीत होते. गुल्वेनची बायको तिफेन गरोदर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा राहून कातेलला म्हणाला, "मावशी, मीच जातो. माझ्यापायी आळीआळीत मढी नकोत."

"गप रे, शहाण्या! तिफेनचं पोर काय मी वाढवू? माझी कंबर बघ जरा."

"मग करू काय?"

"काय करायचं ते मी करते. तू फक्त तोंड उघडू नकोस."

दुपार झाली. सारा गाव अंगणात उभा होता, सभोवती बंदुका होत्या. ब्रोसारने विचारले, "कोणी बोलावलं लोकांना?"

गुल्वेनचा पाय पुढे पडला, इतक्यात कातेल काठी टेकत त्याच्या आडवी आली.

"बार्बाने बोलावलं, सरकार."

"कोण बार्बा? पुढे आणा तिला."

"ती वर टांगलीय. बाप्तिस्मा झालेली आहे, नावगाव आहे. मी तिची धर्ममाता. तिचा गुन्हा असेल तर तिला सजा करा, आणि जामीन म्हणून मला धरा. धर्मपित्यालाही विचारा हवं तर. ते राजेसाहेबांची मेणबत्ती धरून उभे आहेत."

कोणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. एका शिपायाने कातेलच्या छातीला बंदूक लावली. मला वाटले, आता ही गेली. ब्रोसारने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग त्या झाडाकडे आणि त्याखालच्या, बसून बसून गुळगुळीत झालेल्या दगडी बाकांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याने बंदूक खाली करायला लावली.

"म्हातारी बरोबर बोलते," तो म्हणाला. "गुन्हेगार सापडला. घंटेला खाली उतरवा. फटके मारा. लोळा काढून माझ्याकडे द्या. राजाच्या परवानगीवाचून ही पुन्हा चढवायची नाही."

मला उतरवायला गुल्वेनच लागला, कारण दोरांच्या गाठी त्यालाच माहीत होत्या. शिपायांसोबत आलेल्या जल्लादाने मला चाबकाचे फटके मारले. मला दुखले नाही, पण लाज वाटली. मग गुल्वेननेच माझा लोळा काढून ब्रोसारला दिला. तरीही मी मनातून खूश होते. एका जीवाच्या बदल्यात एक लोखंडी जीभ गेली! शिपाई गेल्यावर गावाने सफरचंदाची दारू काढली. तिफेन रडत रडत हसत होती. "काय बनवलं मावशीने साहेबाला!" असे जो तो म्हणत होता.

पुढच्या रविवारी पाद्रीबुवांनी नवा हुकूम वाचला. शिपायांचा सगळा खर्च गावाने भरायचा, शिवाय तंबाखूचा कर वाढला. शेवटी एक ओळ होती: हरकत असल्यास गावकीने आपल्या रिवाजाप्रमाणे बैठक भरवून कळवावे.

लोक उठले आणि सवयीने झाडाकडे निघाले. मग एकेक जण थबकला. सगळ्यांनी मनोऱ्याकडे पाहिले. तिथे नुसते आभाळ होते.

कातेल झाडाखालच्या दगडी बाकावर जाऊन बसली. "त्याला मी फसवलं असं वाटलं होतं रे मला," ती गुल्वेनला म्हणाली. "त्याला माणूस नकोच होता. एक माणूस लटकवला असता तर दोर ओढायला दुसरा आला असता. मीच माझ्या हाताने लेक दिली त्याला."

गुल्वेनने तिला हात धरून उठवले. तो जिवंत होता, हेच त्याचे उत्तर होते आणि तेच त्याच्या तोंडाला कुलूपही होते.

मिठाचा कर काही आला नाही. बाकी सगळे कर आले आणि कोणी हरकत घेतली नाही. कातेल वारली तेव्हा तिच्यासाठी मी वाजू शकले नाही. तिफेनला मुलगी झाली, तिचे नाव बार्बा ठेवले. परवा ती गोठ्यात खेळत होती. तिने पायातला लाकडी बूट काढला आणि सहज माझ्या अंगावर ठोकला.

मित्रांनो, मी वाजले! इतक्या वर्षांनी! गाय दचकली, कोंबड्या उडाल्या, माझे सारे अंग थरारले. पोर आनंदाने ओरडली, "बाबा, ही बोलते!"

गुल्वेन धावत आला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिले. मग दोन्ही तळवे माझ्या अंगावर दाबून धरले, आवाज पुरता मरेपर्यंत. ज्या हातांनी मला गावासाठी वाजवले, त्याच हातांनी मला गप्प केले. राजाचा शिपाई तिथे एकही नव्हता.

तुमच्या गावातही कुठेतरी अशी घंटा असेल. तिला पुसा, फुले वाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिचा दोर ओढत राहा. आणि एखादे पोर बूट उगारून तिच्यापाशी आले, तर कृपा करून त्याचा हात धरू नका.